टाकीत माणूस उतरवण्याआधी: साठवण टाकीच्या साफसफाईचा क्रम आणि नेमकं कुठे चुकतं

टाकी साफ करायला माणसं आत पाठवताना सामान कमी पडलं, असं मी क्वचितच पाहिलं आहे. गॅस मोजायचा मीटर असतो, हवा खेळवायचा ब्लोअर असतो, परमिटचं (कामाच्या लेखी परवानगीचं) पुस्तक असतं. चुकतो तो क्रम. परमिट सकाळीच भरून ठेवलेलं असतं आणि ब्लाइंड (पाइप पक्का बंद करणाऱ्या लोखंडी चकत्या) दुपारी बसतात. गॅस टेस्ट नऊला होते आणि माणूस आत जातो अडीचला. बचावाचा सेट फायर स्टेशनच्या कपाटात असतो आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्याच्या खिशात.

हे लिखाण कच्चं तेल, पेट्रोल, नाफ्था, डिझेल यांच्या जमिनीवरच्या उभ्या टाक्यांसाठी आहे. माहुल, उरण, मनमाडजवळचं पानेवाडी अशा ठिकाणी शटडाऊनची कामं घेणारे ठेकेदारांचे सुपरवायझर आणि नव्याने परमिटवर सही करू लागलेले अधिकारी डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. तुमच्या साइटचा नियम इथल्यापेक्षा कडक असेल तर तोच पाळायचा. सैल असेल तर प्रश्न विचारायचा.

## १. आधी ठरवा: माणूस आत जायलाच हवा का?

हा प्रश्न कामाची ऑर्डर निघण्याआधी विचारायचा असतो, कारण नंतर कोणी विचारत नाही. पातळ गाळ बाहेरून पाण्याच्या जेटने ढिला करून पंपाने ओढता येतो. आतली पाहणी कधीकधी मॅनहोलमधून कॅमेरा सोडूनही भागते. दहा माणसांचं पाच दिवसांचं काम दोन माणसांच्या दीड दिवसावर आणलं, तर धोकाही त्याच मापाने उतरतो.

जावंच लागणार असेल, तर कामाची व्याप्ती एका वाक्यात लिहा. ‘टाकी साफ करणे’ ही व्याप्ती नव्हे. ‘तळाचा गाळ काढणे, वेल्डिंग, ग्राइंडिंग नाही’ ही व्याप्ती. निम्मे अपघात ‘आत आहोतच तर तेवढी क्लिप पण कापून घेऊ’ या वाक्यापासून सुरू होतात, असं माझं मत आहे. मोजून सांगत नाही, अनुभवाने सांगतो.

## २. आठवडाभर आधीची तयारी

टाकीची माहिती कंट्रोल रूमच्या फलकावरून घेऊ नका, नोंदवहीतून घ्या. आज डिझेल आहे म्हणजे कायम डिझेलच होतं असं नाही. मागे कधी पेट्रोल होतं का, कच्चं तेल गंधकाचं होतं का, टाकीला नायट्रोजनचं कनेक्शन आहे का, छत स्थिर आहे की तरंगतं, हे चार प्रश्न विचाराच. ‘डिझेलच आहे, काही होत नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते ऐकलं की मी नोंदवही मागतोच.

मग टेप घेऊन टाकीपाशी जा आणि मॅनहोलचा व्यास मोजा. टाकीच्या अंगावरचा मॅनहोल साधारण २० किंवा २४ इंचाचा असतो. पाठीवर बीए सेट (सिलिंडरमधून श्वासाला हवा देणारा संच) बांधलेला माणूस २० इंचातून जातो का, हे कागदावर कळत नाही. त्याला सेट घालून, वाकवून, त्या मापाच्या रिंगमधून काढून बघावं लागतं. स्ट्रेचरचंही तेच. तिपाई आणि विंच छतावरच्या मॅनहोलमधून सरळ वर ओढायला उपयोगी पडतात. बाजूच्या मॅनहोलमधून ४० मीटर आत गेलेल्या माणसाला तिपाई काही करू शकत नाही. तरीही प्रत्येक साइटवर बाजूच्या मॅनहोलपुढे एक तिपाई शोभेला उभी असते.

तपासा: बीए सेटचे सिलिंडर भरलेले आहेत का, म्हणजे प्रेशर गेज स्वतः वाचा. ‘भरलेत साहेब’ हे वाचन नव्हे. ६ लिटरचा सिलिंडर ३०० बारवर भरलेला असेल तर त्यात साधारण १,८०० लिटर हवा असते. कष्टाच्या कामात माणूस मिनिटाला ४० लिटर घेतो असं धरलं, तर ४५ मिनिटं. शिट्टी वाजायला लागते साधारण ५० ते ५५ बारवर आणि तिच्यानंतरची हवा फक्त परतीची. चाळीस मीटर आत जाऊन, पडलेल्याला उचलून परत यायला किती लागेल, याचा हिशेब याच आकड्यांवर करायचा.

## ३. टाकी रिकामी करणे

पंपाला ओढता येईल तेवढं माल-तेल ओढून घ्या. तळाशी राहिलेलं काढायला बरेच जण पाणी सोडून तेल वर तरंगवतात आणि सक्शनच्या पातळीला आणतात. चांगली पद्धत आहे, फक्त ते पाणी कुठे जाणार हे आधी ठरलेलं असावं.

तरंगत्या छताच्या टाकीत छत पायांवर टेकण्याआधी पाय देखभालीच्या उंचीवर लावून घ्या, म्हणजे खाली माणूस उभा राहू शकेल. छत टेकलं की त्याच्या खाली वाफ साठते. आणखी एक गोष्ट कायम विसरली जाते: छत खाली बसलेलं असताना त्या छतावर उतरणं हेही बंदिस्त जागेत उतरणंच आहे. चारी बाजूंनी पत्र्याची भिंत, वारा नाही आणि वाफ हवेपेक्षा जड. ‘वर आकाश दिसतंय’ म्हणून परमिट न घेता शिडीने खाली उतरणारे मी स्वतः थांबवले आहेत.

## ४. तोडणं वेगळं, बंद करणं वेगळं

इथे घाई करू नका. टाकीला जोडलेली प्रत्येक लाइन एकतर स्पूल (पाइपचा सुटा होणारा तुकडा) काढून मोकळी करायची आणि उघड्या टोकावर ब्लाइंड फ्लँज बसवायचा, किंवा टाकीच्या शक्य तितक्या जवळच्या फ्लँजमध्ये (पाइपच्या बोल्टच्या जोडात) ब्लाइंड घालायचा. व्हॉल्व्ह बंद करून, साखळी बांधून, लाल टॅग लावून काम होत नाही. जुना गेट व्हॉल्व्ह पास होतो, म्हणजे बंद असूनही गळतो, हे प्रत्येक ऑपरेटरला ठाऊक असतं. तरी ‘दोन व्हॉल्व्ह बंद आहेत’ म्हणून माणसं आत गेलेली असतात.

इनलेट आणि आउटलेट सगळ्यांना आठवतात. राहतात त्या या:

- टाकीच्या व्हॉल्व्हला वळसा घालणारी थर्मल रिलीफची पाऊण इंची लाइन
- नायट्रोजनची लाइन
- फोमची लाइन
- हीटिंग कॉइलचा स्टीम
- तळातलं पाणी काढायची लाइन, जिचं दुसरं टोक शेजारच्या टाकीच्या लाइनला जोडलेलं असतं
- सॅम्पलच्या नळ्या

पाऊण इंची लाइनकडे हसून बघणाऱ्याला सांगा की पेट्रोल रात्रभर थेंबथेंब आलं तरी सकाळी तळाशी वाफेचा थर तयार असतो.

ब्लाइंडची यादी बनवा. प्रत्येकाला क्रमांक, जागा, बसवणाऱ्याचं नाव, तपासणाऱ्याचं नाव. तपासणारा यादी हातात घेऊन टाकीभोवती एक पूर्ण फेरी मारेल, ड्रॉइंगवर बोट ठेवून नव्हे. ब्लाइंड त्या प्रेशरला पुरेल इतक्या जाडीचा हवा. हाताला लागला म्हणून कापून आणलेला दोन मिलिमीटरचा पत्रा म्हणजे ब्लाइंड नव्हे.

मिक्सर असेल तर त्याचा वीजपुरवठा सबस्टेशनला तोडून कुलूप लावा आणि किल्ली परमिट देणाऱ्याकडे ठेवा. कुलूप लावल्यावर मिक्सरचं स्टार्ट बटण दाबून बघा. चुकीच्या फीडरला कुलूप लागलेलं असेल तर ते तेव्हाच कळतं.

इशारा: इथपर्यंत कोणीही परमिटवर सही केलेली नसावी. गडबडीत असलेला इंजिनिअर म्हणेल, ‘सही करून ठेवा, ब्लाइंड बसताहेतच.’ सही करू नका. सही असलेलं परमिट आणि न बसलेला ब्लाइंड एकाच टाकीवर एकाच वेळी असले, तर पुढचा माणूस परमिटवर विश्वास ठेवतो.

## ५. मॅनहोल उघडणे आणि हवा खेळवणे

मॅनहोलचे सगळे बोल्ट एकदम काढू नका. चार दिशांचे चार ठेवून बाकीचे काढा, मग खालच्या बाजूला फट पाडा आणि द्रव येतो का बघा. येत असेल तर कव्हर परत आवळा आणि मागच्या पायरीवर जा. कव्हर उघडणाऱ्याच्या अंगावर बीए सेट हवा, कारण पहिला झोत त्याच्याच तोंडावर येणार असतो.

उघडण्याआधी वारा कुठे वाहतो ते बघा. वाऱ्याच्या खालच्या बाजूला वेल्डिंग चालू आहे का, टँकर उभे आहेत का, रस्त्यावरून गाड्या जातात का? वाफ बाहेर पडणार, जमिनीलगत सरपटणार आणि खड्ड्यात किंवा गटारात बसणार. डाइकमधलं (टाकीभोवतीच्या बांधातलं) आणि आसपासचं आगीचं काम आधी थांबवा.

हवा खेळवायला हवेच्या दाबावर चालणारे एअर मूव्हर किंवा फ्लेमप्रूफ (आतली ठिणगी बाहेरची वाफ पेटवू न देणाऱ्या) मोटरचे ब्लोअर वापरा आणि ते टाकीला तांब्याच्या वायरने जोडा, नाहीतर स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. एका मॅनहोलमधून हवा आत आणि समोरच्यातून बाहेर, अशी वाट ठेवा. दोन्ही ब्लोअर शेजारीशेजारी लावले तर हवा तिथल्या तिथे फिरते आणि लांबचा कोपरा तसाच राहतो.

डिझेल कॉम्प्रेसर कुठे उभा आहे ते बघून घ्या. त्याचा धूर ब्लोअरच्या तोंडाशी येत असेल तर तुम्ही टाकीत कार्बन मोनॉक्साइड भरता आहात. आणि ऑक्सिजनचा सिलिंडर सोडून ‘हवा चांगली करणं’ हा विचार कोणी बोलून दाखवला तर त्याला त्या दिवशी घरी पाठवा. जादा ऑक्सिजनमध्ये कपडे पेटायला वेळ लागत नाही.

## ६. गॅस टेस्ट

सगळ्यात जास्त विश्वास ज्यावर ठेवला जातो आणि सगळ्यात जास्त घोळ ज्यात होतो, ती ही पायरी.

मीटर मोकळ्या हवेत चालू करा. मॅनहोलपाशी उभं राहून चालू केलात तर मीटर तिथल्या वाफेलाच शून्य मानतो आणि पुढचं प्रत्येक रीडिंग तेवढं कमी येतं. चालू केल्यावर माहीत असलेल्या गॅसचा झटका देऊन मीटर वाजतो का ते रोज बघा. कॅलिब्रेशनचा स्टिकर सहा महिन्यांपूर्वीचा असतो. काल मीटर पाण्यात पडला होता का, हे स्टिकर सांगत नाही. मीटर कोणत्या गॅसवर कॅलिब्रेट केला आहे तेही विचारा. मिथेनवर केलेला मीटर पेट्रोलची वाफ आहे त्यापेक्षा कमी दाखवतो.

पहिली टेस्ट बाहेरून, नळीने. ब्लोअर दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवा. ब्लोअर चालू असताना मॅनहोलपाशी घेतलेलं रीडिंग हे ब्लोअरच्या हवेचं रीडिंग असतं. मग नळी सोडून वर, मध्ये आणि तळाशी मोजा. मिथेन वर जातो, एच-टू-एस (हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू) थोडा जड, पेट्रोलची वाफ हवेच्या तिप्पट-चौपट जड. नळी लांब असेल तर हवा मीटरपर्यंत यायला वेळ लागतो. प्रत्येक ठिकाणी पुस्तिकेत दिलेला वेळ थांबा. नळी सोडली, आकडा बघितला, ओढली, असं पाच सेकंदांत उरकणाऱ्याने नळीतलीच हवा मोजलेली असते.

क्रम: आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील, मग विषारी. यामागे कारण आहे. ज्वलनशील गॅस मोजणारा नेहमीचा सेन्सर गॅस जाळून मोजतो आणि जाळायला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजनने भरलेल्या टाकीत तो ‘०’ दाखवेल. ते शून्य बघून आत गेलेला माणूस दोन श्वासांत कोसळतो. त्याला वासही येत नाही आणि गुदमरल्यासारखंही होत नाही.

आता आकडे. हे पाठ करण्यापेक्षा समजून घ्या.

ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के असला तर आत जायला परवानगी, असं सगळे फलक सांगतात. पण बाहेरच्या हवेत तो २०.९ असतो. मीटर २०.५ दाखवत असेल तर उरलेल्या ०.४ ची जागा कोणी घेतली? हवा पाच भाग धरली तर त्यातला एक भाग ऑक्सिजन. म्हणजे दुसरा कुठला तरी गॅस साधारण २ टक्के, सुमारे २०,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग), आत शिरला आहे, किंवा गंज आणि गाळ ऑक्सिजन खात आहेत. १९.५ च्या वर आहे म्हणून सही करणारा हा प्रश्न विचारतच नाही. कारण सापडेपर्यंत आत कोणी जाणार नाही, एवढंच उत्तर.

एलईएल म्हणजे ज्या प्रमाणाखाली वाफ पेटत नाही ती मर्यादा. पेट्रोलसाठी ती हवेत साधारण १.४ टक्के. मीटरवरचा १० हा आकडा त्या मर्यादेचा दहावा भाग, म्हणजे ०.१४ टक्के, म्हणजे १,४०० पीपीएम वाफ. आठ तास श्वासात घेण्यासाठी जगभर वापरली जाणारी पेट्रोल वाफेची मर्यादा ३०० पीपीएम आहे. म्हणजे स्फोटाच्या हिशेबाने ‘सुरक्षित’ असलेला आकडा फुप्फुसाच्या हिशेबाने पाचपटीच्या आसपास आहे. १० च्या वर कोणीही आत नाही, बीए सेट घालूनही नाही. शून्य ते १० च्या मध्ये बाहेरून हवा घेणाऱ्या मास्कशिवाय नाही. गरम कामाला (वेल्डिंग, ग्राइंडिंगसारख्या ठिणगीच्या कामाला) शून्यच.

एच-टू-एसच्या बाबतीत ज्वलनशील मीटर तर फसवाच. या वायूची पेटण्याची मर्यादा ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम. मीटरवर १ दिसला तरी हवेत ४०० पीपीएम असू शकतात आणि तेवढ्यात माणूस आडवा होतो. त्यासाठी वेगळा सेन्सर हवा आणि १० पीपीएमला बाहेर. ‘कुजक्या अंड्याचा वास येतोय’ यावर विसंबू नका. १०० पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं आणि वास थांबतो. वास गेला म्हणून गॅस गेला, असं वाटलेला माणूस तिथेच उभा राहतो. रत्नागिरी-चिपळूणकडची जी मुलं आखातात तेलक्षेत्रावर जातात, त्यांना तिकडे एच-टू-एसचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय गेटच्या आत सोडत नाहीत. तीच मुलं सुट्टीवर येऊन इथल्या शटडाऊनला उभी राहिली की पहिल्यांदा वाऱ्याचा झेंडा शोधतात. सवय चांगली आहे, उचला.

बेन्झिन (पेट्रोल-नाफ्थ्यातला विषारी घटक) नेहमीच्या चार गॅसच्या मीटरवर दिसत नाही. पेट्रोल-नाफ्थ्याच्या टाकीत त्यासाठी डिटेक्टर ट्यूब किंवा वेगळा मीटर लागतो.

इशारा: रीडिंग शिळं होतं. हे मी स्वतः सही करून शिकलो. एका टर्मिनलवर सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी परमिटवर लिहिलं: ऑक्सिजन २०.९, एलईएल ०, एच-टू-एस ०. तिन्ही आकडे खरे होते. जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्रेसरचं डिझेल संपलं, एअर मूव्हर थांबले आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. सव्वादोनला तिघे आत गेले आणि फावड्याने गाळाची साय फोडली. पंधरा मिनिटांनी एक जण मॅनहोलपर्यंत चालत आला, कव्हरच्या काठाला हात धरला आणि गुडघ्यांत वाकला. त्याचा मीटर वाजत होता, पण तो पँटच्या खिशात, रुमालाखाली होता. तिघेही सुखरूप बाहेर आले. परमिटवर अजूनही नऊ दहाचं शून्य होतं.

तेव्हापासून माझे नियम असे: अर्ध्या तासापेक्षा मोठी सुट्टी झाली की नवी टेस्ट. ब्लोअर थांबला की माणसं बाहेर आणि नवी टेस्ट. आत प्रत्येकाकडे चालू मीटर, तोही कॉलरपाशी, नाकाच्या टप्प्यात. आणि आकड्याशेजारी वेळ नसेल तर तो आकडा नाहीच असं धरायचं.

## ७. आता परमिट

परमिटवर सही इथे करायची, सातव्या पायरीला. तेल उद्योगात कामाच्या परमिटसाठी ओआयएसडीचं (तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाचं) १०५ क्रमांकाचं मानक आहे. तुमच्या साइटचा फॉर्म बहुतेक त्यावरूनच बेतलेला असेल. फॉर्म भरणं सोपं आहे, म्हणून तो ऑफिसात भरला जातो. तो टाकीपाशी, ब्लाइंडची यादी आणि मीटर समोर ठेवून भरायचा.

सही करणाऱ्याने आणि काम घेणाऱ्याने एकत्र टाकीभोवती एक फेरी मारायची. मग आत जाणाऱ्यांची नावं लिहायची. संख्या नाही, नावं. परमिटची वेळ संपण्याआधी माणसं बाहेर हवीत, मुदतवाढीची सही मागायला माणूस पाठवून आतलं काम चालू ठेवायचं नाही.

टूलबॉक्स टॉक (काम सुरू होण्याआधीची सुरक्षेची सूचना) कोणत्या भाषेत होतो ते बघा. टाकीत उतरणारे बहुतेक हेल्पर झारखंड, बिहार, ओडिशाचे असतात. मराठी-इंग्रजी मिसळून केलेल्या भाषणाला ते मान हलवतात, कारण मान हलवणं सोपं असतं. हिंदीत बोला आणि उलट विचारा: ‘मीटर वाजला तर काय करशील? कुठून बाहेर येशील?’ ज्याला सांगता येत नाही तो आज आत जात नाही.

## ८. मॅनहोलवरचा माणूस

ठेकेदार या जागेवर सगळ्यात नवा, सगळ्यात स्वस्त पोरगा बसवतो. खरं तर हा सगळ्यात जुना माणूस हवा. त्याची कामं तीनच: आत किती आणि कोण हे फलकावर ठेवणं, आतल्यांशी सतत बोलत राहणं, आणि काही झालं तर आवाज देणं.

तो जागा सोडत नाही. चहा आणायला नाही, पाना द्यायला नाही, सुपरवायझरने बोलावलं तरी नाही. आणि तो आत जात नाही, कधीही नाही. दोन तासांनी त्याला बदला. तिसऱ्या तासाला उन्हात बसलेला कोणीही मोबाईल काढतो. मॅनहोलपाशी मोबाईल मुळात नसावाच, पण तो निघतो कारण माणूस कंटाळतो.

आत जाणाऱ्याने टोकन फलकावर लावायचं, बाहेर येताना काढायचं. संध्याकाळी कव्हर बसवण्याआधी फलक रिकामा हवा.

## ९. आतलं काम

गाळ जागा होतो. वरून थंड, शांत दिसणारा गाळ फावडं लागलं की अडकलेली वाफ सोडतो. म्हणून मॅनहोलजवळून सुरुवात करा आणि आत सरका, म्हणजे परतीची वाट मोकळ्या तळावरून असेल. खांबांमागे, संपमध्ये (तळातल्या खड्ड्यात), तरंगत्या छताच्या पोकळ पायांत आणि पाँटूनमध्ये (छत तरंगवणाऱ्या पोकळ कप्प्यांत) तेल राहिलेलं असतं. तिथे पोहोचण्याआधी मीटर पुढे धरा.

गंधकाच्या तेलाची टाकी असेल तर गाळ आणि भिंतीवरचा काळा पापुद्रा ओला ठेवा. त्यात लोखंडाचं सल्फाइड असतं आणि ते सुकून हवा लागली की आपोआप पेटतं. आत ओला ठेवलेला गाळ बाहेर पत्र्यावर उन्हात पसरून ठेवणं, ही पुढची चूक. तो बाहेरही ओलाच ठेवायचा आणि ओलाच हलवायचा.

दिवा फ्लेमप्रूफ आणि २४ व्होल्टपर्यंतचा, ही मर्यादा १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३६-अ मध्येच होती. ट्रान्सफॉर्मर टाकीच्या बाहेर. हत्यारं पितळी किंवा लाकडी-रबरी. नायलॉनचे कपडे नकोत. व्हॅक्यूम टँकर वापरत असाल तर टँकर, होज आणि टाकी तिन्ही एकमेकांना आणि अर्थिंगला जोडलेले असावेत.

मास्कबद्दल एकच: तोंडाला लावायचा काडतुसाचा मास्क हवा गाळतो, हवा बनवत नाही. ऑक्सिजन कमी असेल तिथे त्याचा उपयोग शून्य. आणि एअरलाइनचा होज (मास्कला बाहेरून हवा देणारी नळी) जोडताना तो हवेच्याच हेडरला (मुख्य लाइनला) जोडला आहे का, हे बोट ठेवून बघा. नायट्रोजनचा नळ बऱ्याच ठिकाणी हातभर अंतरावर असतो.

एप्रिल-मेमध्ये दुपारी टाकीचं पत्र्याचं पोट तापलेलं असतं. वीस मिनिटं आत, वीस मिनिटं सावलीत, आणि पाणी बाहेर येऊन प्यायचं. चक्कर उन्हाने आली की गॅसने, हे आत असलेल्याला ओळखता येत नाही. म्हणून चक्कर आली की सगळे बाहेर आणि मग टेस्ट.

## १०. शिफ्ट बदलताना

उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या प्लॅटफॉर्मवर ६ जुलै १९८८ च्या रात्री १६७ माणसं गेली. दिवसपाळीत एका पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह काढलेला होता, त्या जागी तात्पुरता ब्लाइंड होता. हे ज्या परमिटवर लिहिलं होतं, ते रात्रपाळीच्या माणसांच्या हाती लागलं नाही. दुसरा पंप बंद पडला, म्हणून त्यांनी तोच पंप चालू केला.

तुमच्याकडे पंप नसेल, पण एक ब्लाइंड दुपारी बदलून संध्याकाळी तसाच राहिलेला असेल. परमिट पुढच्या शिफ्टला फोनवर द्यायचं नाही. जाणारा आणि येणारा दोघं टाकीपाशी उभे राहतात, ब्लाइंडच्या यादीवरून नजर फिरवतात, मॅनहोलला ‘आत जाऊ नये’चं अडसर आहे का बघतात आणि मग सही होते. दहा मिनिटांचं काम आहे. बस सुटते म्हणून ते टळतं, तेव्हा बस दहा मिनिटं उशिरा सोडायला सांगा. हा निर्णय परमिट देणारा घेऊ शकतो.

## ११. आतला माणूस पडला तर

गावाकडे विहिरीत डिझेल इंजिन उतरवून पाणी उपसताना एक बेशुद्ध पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, मग शेजारी. एकाच्या जागी तीन जातात. टाकीतही हेच होतं, आणि इथे तर सगळे प्रशिक्षित म्हणवणारे असतात. आत पडलेला माणूस आपल्या खोलीत राहणारा असतो. त्याला बघून पाय आपोआप पुढे जातात. ते थांबवायचं काम नियमाने होत नाही, सरावाने होतं.

क्रम असा: मॅनहोलवरचा माणूस शिट्टी वाजवतो, रेडिओवर टाकीचा क्रमांक सांगतो, ब्लोअर चालूच ठेवतो. आतला हार्नेसच्या दोरीला बांधलेला असेल तर बाहेरून ओढतो. नसेल तर बीए सेट घातलेली दोन माणसं आत जातात, तिसरा सेट घालून बाहेर तयार उभा असतो. चौथा कोणीही नाही.

ऑक्सिजनशिवाय मेंदूला चार-सहा मिनिटांत इजा होऊ लागते. त्यामुळे ‘फायर ब्रिगेडला फोन करू’ ही बचावाची योजना नव्हे. तुमचे सेट घातलेले लोक काम चालू असताना टाकीपासून वीस पावलांवर हवेत.

तपासा: काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी ७० किलो वाळूचं पोतं हार्नेसमध्ये बांधून टाकीच्या मध्यभागी ठेवा आणि बाहेर काढायला किती मिनिटं लागतात ते घड्याळावर बघा. पहिल्यांदा पोतं मॅनहोलच्या काठावर अडकतंच. ते आज अडकू दे.

## १२. बाहेर येणे आणि टाकी परत देणे

माणसं मोजा, टोकनं मोजा, हत्यारं मोजा. विसरलेलं फावडं नंतर सक्शनमध्ये सापडतं. आधी मॅनहोल बंद, गॅसकेट नवीन, मग यादीनुसार ब्लाइंड काढायचे, बसवले होते तितकेच. यादी आणि ढिगातले ब्लाइंड यांची संख्या जुळल्याशिवाय परमिट बंद होत नाही.

पहिल्यांदा माल घेताना लाइनमधला वेग सेकंदाला १ मीटरच्या वर जाऊ देऊ नका, इनलेटचं तोंड पूर्ण बुडेपर्यंत. तरंगत्या छताच्या टाकीत हे छत तरंगू लागेपर्यंत. रिकाम्या टाकीत वेगाने पडणारं तेल स्थिर वीज घेऊन येतं आणि त्या वेळी आत हवा भरपूर असते. भरणं थांबल्यावर डिप घ्यायला (तेलाची पातळी मोजायला) किंवा सॅम्पल काढायला लगेच वर चढू नका. मोठ्या टाकीसाठी अर्धा तास थांबा, आणि त्या अर्ध्या तासात शिडीच्या पायथ्याशी साखळी लावून ठेवा.